कुलूप लावलेलं गणित



दिवाळीत नात घरी आली होती. पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका दुपारी ती लॅपटॉपवर काहीतरी सोडवत बसली होती, मी शेजारी जाऊन बसलो. तिनं एक भलंमोठं समीकरण टाइप केलं, एक बटण दाबलं, आणि क्षणात खाली उत्तर हजर! मी विचारलं, "अगं, हे कसं आलं?" ती म्हणाली, "आबा, ते सॉफ्टवेअरला माहीत. कॉलेजनं विकत घेतलंय. उत्तर बरोबर येतंय ना, मग आत काय चालतं ते कशाला बघायचं? आणि बघायचं म्हटलं तरी दिसत नाही."

तिचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. बघायचं म्हटलं तरी दिसत नाही. मी आयुष्यभर मुलांना "नुसतं उत्तर नको, रीत दाखव" असं सांगत आलो. रीत दाखवली नाही तर अर्धे मार्क कापले. आता रीत न दाखवणाऱ्यालाच आपण पैसे देतो की काय!

त्या दिवशी तिला मी एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज इथे लिहितोय. जरा लांबण लागेल, पण चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. नातेवाइकांना माहीत आहेच, पण बाकीच्यांसाठी. मी बी.ए. झालो तो इतिहास आणि मराठी घेऊन, तेही मराठी माध्यमातून. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत लागलो. १९८२ साली आमचे गणिताचे सर अचानक सोडून गेले आणि हेडसर मला म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, नववीचं बीजगणित तुम्ही घ्या." अक्षराचा आणि बीजगणिताचा काय संबंध, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. तेव्हापासून रोज रात्री कंदिलाशी (वीज असली तर बल्बखाली) नववीचं पुस्तक घेऊन बसायचो. उद्याच्या धड्याच्या एक पाऊल पुढे, इतकंच माझं ज्ञान. कोणी शिकवणारं नव्हतं. पण एक गोष्ट मला तेव्हा कळली. पुस्तकात प्रत्येक पायरी लिहिलेली असली की शिकवणारा नसला तरी चालतं. एखादी पायरी गाळलेली असली की रात्र जाते.

आता गोष्ट.

सोळाव्या शतकातला इटली. वर्गसमीकरण कसं सोडवायचं ते जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आपल्या भास्कराचार्यांनी तर ११५० च्या सुमारास ते श्लोकात बांधून ठेवलं होतं. पण क्ष चा घन आला की सगळ्यांची गाडी अडायची. बोलोन्याच्या विद्यापीठात शिपिओने देल फेर्रो नावाचा प्राध्यापक होता. त्याला १५१५ च्या आसपास एका प्रकारच्या घन समीकरणाची रीत सापडली. त्यानं काय केलं? कुणालाही सांगितलं नाही! वहीत लिहून ठेवली.

आपल्याला आज हे विचित्र वाटतं. पण त्या काळी गणितज्ञाची नोकरी म्हणजे कुस्तीचा आखाडा होता. कोणीही उठून जाहीर आव्हान द्यायचा, दोघांनी एकमेकांना उदाहरणं घालायची, जो हरेल त्याची अब्रू जायची आणि पाठोपाठ विद्यार्थी आणि नोकरीही. अशा वेळी स्वतःपाशी एखादी गुप्त रीत असणं म्हणजे पोटाची सोय. १५२६ साली देल फेर्रो वारला. त्याआधी त्यानं ती रीत फिओर नावाच्या आपल्या शिष्याला सांगितली होती. वही मात्र गेली जावयाकडे.

दुसरीकडे ब्रेशा गावात निकोलो नावाचा एक गरीब मुलगा होता. बाप घोड्यावरून टपाल पोचवणारा, तो लवकर वारला. १५१२ साली फ्रेंच सैन्यानं ब्रेशा लुटलं. तेव्हा हा साधारण बारा वर्षांचा, आईबरोबर चर्चमध्ये लपला होता. तिथे एका शिपायानं त्याच्या तोंडावर तलवारीचे वार केले, जबडा फाटला. वैद्याला द्यायला पैसे नव्हते, आईनंच जखमा साफ करून जगवलं. पण बोलणं कायमचं अडखळायला लागलं. लोक त्याला तार्ताल्या म्हणजे 'तोतरा' म्हणू लागले, आणि त्यानं तेच नाव लावून घेतलं. पुढे चेहऱ्यावरचे वण झाकायला दाढी ठेवली.

त्याच्या शिक्षणाची हकीकत त्यानंच लिहून ठेवली आहे. लिहायला शिकवणाऱ्या पंतोजीकडे गेला, पण मुळाक्षरं 'के' पर्यंत आली आणि पैसे संपले. पुढची अक्षरं स्वतःच कुठून कुठून मिळवून गिरवली. मग गणितही तसंच, एकट्यानं. मंडळी, ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. कंदिलाशेजारचं माझं ते नववीचं पुस्तक आठवलं.

हा तार्ताल्या पुढे व्हेनिसला हिशेब आणि गणित शिकवून पोट भरू लागला. १५३५ साली त्या फिओरनं त्याला आव्हान दिलं. दोघांनी एकमेकांना तीस-तीस उदाहरणं घातली. फिओरची तीसच्या तीस एकाच जातीची, 'घन अधिक अमुकपट क्ष बरोबर तमुक'. गुरूनं दिलेली एकच किल्ली होती ना त्याच्याकडे! तार्ताल्या दिवसेंदिवस डोकं खाजवत बसला, आणि मुदत संपायच्या थोडं आधी, १२ फेब्रुवारीच्या रात्री त्याला रीत सापडली. मग दोन तासांत तीसही उदाहरणं सोडवून मोकळा झाला. पैज होती तीस मेजवान्यांची. त्यानं त्या घेतल्या नाहीत, जिंकल्याचा मान पुरे म्हणाला.

आणि रीत? त्यानंही लपवूनच ठेवली.

आता येतो मिलानचा कार्दानो. पेशानं वैद्य, जुगाराचा शौकीन, गणितात हुशार. तो त्या वेळी गणिताचं पुस्तक लिहीत होता. त्यानं तार्ताल्याच्या मागे धोशा लावला. एका पुस्तकविक्रेत्याला मध्यस्थ घातलं, पत्रं लिहिली, मोठ्या सरदाराशी ओळख करून देण्याचं आमिष दाखवलं. शेवटी मार्च १५३९ मध्ये तार्ताल्या मिलानला कार्दानोच्या घरी गेला आणि रीत सांगून बसला. तार्ताल्याच्या म्हणण्याप्रमाणे कार्दानोनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती की हे कधी छापणार नाही. (कार्दानोचा चेला फेरारी नंतर म्हणाला, मी तिथेच होतो, अशी शपथ वगैरे काही झाली नाही. खरं काय ते त्या तिघांना ठाऊक.)

आणि रीत सांगितली ती कशी? पंचवीस ओळींच्या कवितेत! आपल्याकडे भास्कराचार्यांनीही गणित पद्यातच सांगितलं, पण ते पाठ व्हावं म्हणून. तार्ताल्याची कविता मुद्दाम आडवळणाची होती, म्हणजे कागद कोणाच्या हाती लागला तरी अर्थ लागू नये. शिवाय तिच्यात फक्त कृती होती. ती कृती का चालते, याचा एक शब्द नव्हता.

इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. घाबरू नका, नववीचंच आहे. कार्दानोनं आपल्या पुस्तकात दिलेलंच उदाहरण बघू:

क्ष चा घन + ६ क्ष = २०

कृती अशी. दोन संख्या शोधा. त्यांची वजाबाकी २० पाहिजे. आणि सहाचा तिसरा हिस्सा दोन, त्याचा घन आठ, तेव्हा त्यांचा गुणाकार ८ पाहिजे. हे वर्गसमीकरणानं निघतं. त्या संख्या साधारण २०.३९२ आणि ०.३९२ येतात. आता दोन्हींची घनमुळं काढा: २.७३२ आणि ०.७३२. वजाबाकी करा. आली २! ताळा बघा, दोनचा घन आठ, सहा दुणे बारा, आठ आणि बारा वीस.

जादू वाटते की नाही? नातीलाही वाटली. मग मी तिला विचारलं, "का येतं?" ती गप्प. म्हटलं, नववीचं सूत्र आठव. अ वजा ब यांचा घन, त्यात तीन अब गुणिले (अ वजा ब) मिळवलं की उरतं अ चा घन वजा ब चा घन. आता (अ वजा ब) लाच क्ष म्हण. तीन अब म्हणजे आपले सहा, म्हणजे अब दोन, आणि त्यांच्या घनांचा गुणाकार आठ. घनांची वजाबाकी वीस. झालं! ती ज्या दोन संख्या शोधत होती त्या अ आणि ब यांचे घन होते. तिचा चेहरा जो उजळला तो बघण्यासारखा होता. म्हणाली, "आबा, हे एवढंच होतं?" हो बाई, एवढंच. एकदा कारण कळलं की ती रीत तुझी झाली. उद्या लॅपटॉप बंद पडला तरी तुझ्याकडून ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

पुढे काय झालं ते ऐका. कार्दानोनं ती कृती घेतली आणि तिच्यामागचं कारण स्वतः शोधून काढलं. फेरारी हा त्याच्या घरी चौदाव्या वर्षी नोकर म्हणून आलेला पोरगा. त्याला कार्दानोनं शिकवलं, आणि त्या पोरानं १५४० मध्ये चौथ्या घाताचं समीकरण सोडवलं! पण ते छापायचं तर आधी घनाची रीत छापायला हवी, आणि तिथे शपथ आडवी. १५४३ मध्ये गुरुशिष्य बोलोन्याला गेले. देल फेर्रोच्या जावयानं त्यांना सासऱ्याची वही दाखवली. म्हणजे रीत तार्ताल्याच्या आधीच सापडलेली होती. मग आपण शपथेतून सुटलो असं कार्दानोनं ठरवलं आणि १५४५ मध्ये न्युरेंबर्गहून 'आर्स माग्ना' हे पुस्तक काढलं. त्यात देल फेर्रोचं आणि तार्ताल्याचं, दोघांचंही श्रेय नावानिशी दिलं.

तार्ताल्या भयंकर चिडला. पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून कार्दानोचे वाभाडे काढले. उत्तराला फेरारी उभा राहिला. साधारण दीड वर्ष पत्रकबाजी चालली. शेवटी १० ऑगस्ट १५४८ रोजी मिलानच्या एका चर्चमध्ये जाहीर वाद झाला. पहिल्या दिवसाअखेर आपलं काही खरं नाही हे ओळखून तार्ताल्या मिलान सोडून गेला. १५५७ मध्ये व्हेनिसला वारला. घन समीकरणावर मीच लिहीन असं म्हणत होता, ते त्याच्या हातून शेवटपर्यंत झालं नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात चटका लावणारी बाब वेगळीच आहे. याच तार्ताल्यानं १५४३ मध्ये युक्लिडच्या भूमितीचं इटालियनमध्ये भाषांतर छापलं. युरोपातल्या बोलीभाषेत छापलेलं ते पहिलं युक्लिड. ज्यांना लॅटिन येत नाही त्या कारागिरांना, हिशेबनिसांना, त्याच्यासारख्या 'के' पर्यंत शिकलेल्यांना ते वाचता यावं म्हणून. म्हणजे दुसऱ्याचं ज्ञान त्यानं स्वतः कष्ट करून मोकळं केलं, आणि स्वतःचं मात्र कुलपात ठेवलं! आम्ही मराठी माध्यमवाले त्याच्या पहिल्या कामाला हातच जोडू. दुसऱ्या कामाबद्दल त्याला शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. त्याच्याकडे ना विद्यापीठाची खुर्ची, ना सरदाराचा आश्रय. त्याची रीत म्हणजे त्याची शेती होती. भुकेल्या माणसाला 'ज्ञान वाटून टाक' म्हणणं सोपं असतं.

पण कुलूप उघडल्यावर काय झालं तेही बघितलं पाहिजे. राफाएल बोम्बेल्ली नावाचा एक माणूस होता. दलदलीतलं पाणी काढून जमीन मोकळी करणं हा त्याचा धंदा, प्राध्यापक वगैरे नव्हे. त्यानं कार्दानोचं पुस्तक वाचलं. त्यात एक अडचण होती. 'क्ष चा घन = १५ क्ष + ४' यासारख्या समीकरणाचं उत्तर सरळ ४ आहे (करून बघा), पण रीतीनं गेलं की मधे उणे १२१ चं वर्गमूळ येतं. उणे संख्येला कसलं आलंय वर्गमूळ! पण बोम्बेल्ली म्हणाला, असू दे, आहे असं धरून पुढे चालू. आणि शेवटी ते एकमेकांना कापून बरोबर ४ उरतात, हे त्यानं दाखवलं. त्याचं पुस्तक १५७२ साली आलं, तेही इटालियनमध्ये. आज वीज आणि रेडिओच्या गणितात ज्या संमिश्र संख्या लागतात, त्यांचे नियम नीट मांडण्याची सुरुवात इथली. रीत देल फेर्रोच्या वहीतच राहिली असती तर या माणसाच्या हाती काय लागलं असतं?

आपल्याकडचीही एक आठवण सांगतो. आमच्या शाळेची सहल चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायची. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे साधारण १२०७ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि त्याला उत्पन्न लावून देण्यात आलं, असं त्यात लिहिलंय. मुख्य लेख संस्कृतात, पण शेवटी उत्पन्नाचा भाग त्या काळच्या मराठीत. सगळ्यांना कळावं असं जे होतं ते लोकांच्या भाषेत. मी मुलांना सांगायचो, बघा रे, शिकवण्याला पैसे लागतात हे आठशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही ठाऊक होतं. त्यानं शिकवण्याची सोय लावून दिली, ग्रंथ पेटीत घातले नाहीत.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. इथे माझं स्वतःचं दुखणं आहे.

१९९९ साली मी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. मराठी टाइप करायला एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्याच्याबरोबर एक छोटा ठोकळा यायचा, तो मागे प्रिंटरच्या जागी लावला तरच ते चालायचं. सात-आठ वर्षं मी रोज रात्री टाइप केलं. नववी-दहावीच्या बीजगणिताची उदाहरणं, प्रत्येक पायरी कारणासकट, शिक्षक नसलेल्या मुलासाठी. साडेतीनशे पानं झाली होती. पुढे जुनं मशीन गेलं, नव्याला तो ठोकळा लावायला जागाच नव्हती. कंपनीला फोन केला तर नंबर बंद. फाइल उघडली तर काय, सगळी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम, वेड्यानं टाइप केल्यासारखी. कारण त्या काळी प्रत्येकाची फॉन्टची मांडणी वेगळी आणि खाजगी. मराठी माझी, गणित माझं, कष्ट माझे, आणि किल्ली दुसऱ्याची. छापून ठेवलेली साठेक पानं काय ती वाचली. नातीनं खटपट करून आणखी थोडं सोडवलं, पण जोडाक्षरं आणि अपूर्णांक मोडूनच पडलेत.

याच्या उलट दुसरं उदाहरण. अमेरिकेत डोनाल्ड क्नुथ नावाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती इतकी वाईट दिसत होती की गणित छापायचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला बसले. त्याचं नाव टेक. ते त्यांनी फुकट दिलं, इतकंच नाही तर आतला सगळा मजकूर १९८६ मध्ये पुस्तक म्हणून छापला. चूक दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत स्वतःच्या सहीचा चेक द्यायचे! त्याच्या आवृत्तीचे आकडे पायच्या किमतीकडे सरकत जातात, ३.१, ३.१४ असे. २०२१ साली ते ३.१४१५९२६५३ पर्यंत आले होते. जुन्या काळी त्यात लिहिलेले गणिताचे लेख आजही उघडतात आणि तसेच्या तसे छापतात.

गणित करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दोन तऱ्हा आहेत. १९८८ साली आलेलं मॅथेमॅटिका प्रसिद्ध आहे, काम उत्तम करतं, पण त्याचं पोट उघडून बघता येत नाही. २००५ मध्ये विल्यम स्टाइन या गणितज्ञानं सेज नावाचं सुरू केलं, ते मोकळं आहे, एक-एक ओळ वाचता येते. नातीला म्हटलं, कॉलेजचं वापर, परीक्षा आहे. पण घरी हेही लावून बघ.

तिनं मला उलट विचारलं, "आबा, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी खायचं काय?" प्रश्न रास्त आहे. तार्ताल्याचाच प्रश्न आहे तो. मी म्हटलं, पैसे घ्यावेत की! मीही पगार घेतलाच, फुकट नाही शिकवलं. पुस्तकालाही आपण पैसे देतो. पण विकत घेतलेलं पुस्तक मी वाचू शकतो, त्यातली चूक दाखवू शकतो, पन्नास वर्षांनी उघडू शकतो. आणि गणितात तर 'का' हाच खरा माल आहे. तो राखून ठेवून नुसतं उत्तर विकलं, तर विकत घेणाऱ्याकडे गणित आलंच नाही. यावर तिचं पूर्ण समाधान झालेलं नाही. माझंही झालंय असं नाही. फेरारीचं घर कशावर चालत होतं, तेही बघावं लागेल!

सध्या मी ती वाचलेली साठ पानं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतोय. रोज दोन पानं, डोळे तेवढीच साथ देतात. उरलेली परत करावी लागणार. त्रास होतो, पण एक गंमतही आहे: कारणं सगळी डोक्यात असल्यामुळे उदाहरणं आपोआप आठवतात. झाली की कोणालाही पाठवीन, कुलूप नाही.

असो. फार लांबलं. हिशेबात कुठे चूक सापडली तर जरूर कळवा. क्नुथसाहेबांसारखा चेक देणं जमणार नाही, पण घरी आलात तर चहा नक्की.